प्रौढांची परीक्षा कामाशी जुळवायची तर सुरुवात कुठून करायची?

प्रश्न थोडक्यात असा: गोदामात काम करणाऱ्यांसाठी माल उतरवून घेणं, तपासणं आणि साठ्यात नोंदवणं याचं तीन दिवसांचं प्रशिक्षण आहे. शेवटी ५० बहुपर्यायी प्रश्नांची परीक्षा होते, जवळजवळ सगळे उत्तीर्ण होतात आणि कामावर परतल्यावर चुका मात्र त्याच होत राहतात. परीक्षा कामाशी जुळणारी कशी करायची, तीही मोजक्या परीक्षकांत? उत्तरात गोदामाचंच उदाहरण शेवटपर्यंत धरलं आहे. परिचारिका, हिशेबनीस, पर्यवेक्षक, दुरुस्ती कारागीर यांच्यासाठी परीक्षा बनवणाऱ्यांनाही हीच पद्धत वापरता येईल.

आधी बिघाड नेमका कुठे आहे ते पाहू. वैद्यकीय शिक्षणातले जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये मूल्यमापनाच्या चार पायऱ्या मांडल्या: माहीत असणं, कसं करायचं ते माहीत असणं, करून दाखवणं आणि रोजच्या कामात करणं. तुमचे ५० प्रश्न पहिल्या पायरीवर आहेत आणि तुमची तक्रार चौथीची आहे. मधल्या दोन पायऱ्या कुणी तपासल्याच नाहीत. 'माल खराब आल्यास चलानावर, म्हणजे मालासोबत येणाऱ्या कागदावर, शेरा लिहावा' हे चार पर्यायांतून ओळखणं सोपं आहे. ड्रायव्हर घाई करत असताना, मागे दुसरी गाडी उभी असताना पेन हातात घेऊन तो शेरा लिहिणं हे वेगळंच काम आहे, आणि त्याची परीक्षा तुम्ही घेतलेलीच नाही.

म्हणून अभ्यासक्रमाची अनुक्रमणिका बाजूला ठेवा आणि कामापासून सुरुवात करा. तिघांशी प्रत्येकी अर्धा तास बोला: हे काम उत्तम करणारा जुना माणूस, त्याचा पर्यवेक्षक आणि या कामाचा परिणाम ज्याला भोगावा लागतो तो, म्हणजे इथे बिलं तपासणारा हिशेब विभागातला माणूस. या तिसऱ्या माणसाला बहुतेक जण विसरतात, आणि चुकांची खरी यादी त्याच्याकडेच असते. प्रश्न साधे ठेवा. गेल्या तीन महिन्यांत कोणती चूक सगळ्यात महाग पडली? नवा माणूस कुठे अडखळतो? नियमावलीत लिहिलेलं आणि प्रत्यक्ष होणारं यात फरक कुठे आहे? 'कोणती कौशल्यं हवीत?' असं मात्र विचारू नका. त्याला 'प्रामाणिकपणा, काटेकोरपणा, संवादकौशल्य' अशी उत्तरं येतात आणि त्यांतून परीक्षा बनत नाही.

या बोलण्यातून निर्णयांची यादी काढा. माल स्वीकारण्याच्या कामात साधारण असे निर्णय निघतील: गाडी उतरवायला सुरुवात करायची की थांबवायची, सगळी खोकी मोजायची की नमुना तपासायचा, सही करायची की आधी शेरा लिहायचा, शंकास्पद माल कुठे ठेवायचा, साठ्यात किती नग चढवायचे, कळवायचं कुणाला. यांतले जे निर्णय वारंवार चुकतात किंवा चुकले तर महाग पडतात, तेवढे तीन-चार निवडा. सगळा अभ्यासक्रम परीक्षेत बसवायचा मोह सोडावा लागतो. तो सुटला नाही तर परीक्षा पुन्हा ५० तुकड्यांची होते.

आता 'खऱ्यासारखी' या शब्दाबद्दल. गुलिकर्स, बास्तियान्स आणि कर्शनर यांनी २००४ मध्ये परीक्षेच्या खरेपणाच्या पाच बाजू सांगितल्या: काम, जागा, सोबतची माणसं, तयार होणारी वस्तू किंवा कागद आणि निकष. माझ्या मते पैसा आणि कष्ट काम आणि निकषांवर आधी खर्च करा, जागेवर सगळ्यात शेवटी. वर्गात टेबलावर पुठ्ठ्याची खोकी मांडूनही खरा निर्णय घ्यायला लावता येतो. उलट खऱ्या गोदामात उभं करून 'आता पुढची पायरी सांगा' असं विचारलं, तर ती तोंडी परीक्षाच राहते. साधनांबाबत साधा नियम ठेवा: कामावर जे हाताशी असतं ते परीक्षेतही हाताशी असू द्या. भिंतीवर तपासणीचा तक्ता लावलेला असतो ना, मग तो इथेही लावा. कॅल्क्युलेटर असतो, तर द्या. पाठांतर फक्त तिथेच तपासा, जिथे कामावर कागद उघडायला वेळच मिळत नाही.

एक काम जवळून

गोदामासाठी एक स्थानक, म्हणजे ठरलेल्या वेळात एकच काम करून दाखवायची परीक्षेतली जागा, असं रचता येईल. खरेदी ऑर्डर २४० नगांची, एका खोक्यात १२ नग. चलानावर २० खोकी, २४० नग. समोर २० खोकी मांडलेली. त्यांतल्या दोन खोक्यांचा तळ ओला आहे आणि एका खोक्यावरच्या कोडचा शेवटचा आकडा ऑर्डरपेक्षा वेगळा आहे. उरलेली १७ ठीक. वेळ १५ मिनिटं. सूचना एवढीच: 'हा माल आला आहे. तुमच्या कामावर जे कराल ते सगळं करा आणि कागद पूर्ण करा.'

यात खोक्यांची संख्या चलानाशी मुद्दाम जुळवली आहे, कारण कामावरची फसगत अशीच होते. मोजणी जुळली की माणूस निर्धास्त होतो. आकडेही विचार करून घेतले आहेत. बरोबर उत्तर असं: १७ खोक्यांचे २०४ नग स्वीकारले, २४ नग खराब म्हणून बाजूला, १२ नग चुकीचा माल म्हणून वेगळे. ज्याने साठ्यात २४० लिहिले त्याने फक्त खोकी मोजली. २१६ लिहिले त्याने ओली खोकी पाहिली, पण कोड वाचला नाही. २२८ लिहिले त्याने कोड वाचला, पण खोकी उचलून तळ पाहिला नाही. प्रत्येक चूक वेगळा आकडा देते, म्हणून परीक्षक क्षणभर दुसरीकडे पाहत असला तरी कागद बोलतो. आकडे ठरवताना एवढी एक गोष्ट सांभाळली तर निम्मं निदान आपोआप होतं. दोन वेगळ्या चुकांतून एकच आकडा निघत असेल तर आकडे बदला.

एका स्थानकात अडचणी दोन किंवा तीनच ठेवा. सात ठेवल्या की परीक्षा शोधाशोधीचा खेळ होते आणि शिकणारे प्रत्येक खोक्याकडे संशयाने पाहू लागतात. खऱ्या कामात बहुतेक माल ठीकच असतो. म्हणून एका स्थानकात माल पूर्ण ठीक ठेवा. विनाकारण गाडी अडवून धरणारा माणूसही कामावर तितकाच अडचणीचा असतो, आणि तो फक्त अशाच स्थानकात दिसतो.

ड्रायव्हरची भूमिका करणाऱ्याला लेखी कार्ड द्या, नाहीतर तो दर वेळी वेगळं बोलेल. चौथ्या मिनिटाला: 'सही करा, मला पुढे जायचंय.' शेरा लिहायला घेतला की: 'ते नंतर बदलून देतील, तुम्ही आत्ता सही करा.' समोरच्याने शांतपणे मोजणी आणि शेरा आधी होईल असं सांगितलं, तर त्याने गप्प बसायचं. ओरडायचं नाही, इशारे द्यायचे नाहीत, मदतही करायची नाही. दहाव्या उमेदवारानंतर भूमिका करणारा कंटाळतो आणि बोलणं सौम्य होत जातं. ते टाळायला सहा-सात उमेदवारांनंतर माणूस बदला.

गुण कसे द्यायचे

इथे सगळ्यात मोठी चूक बेरजेची असते. शंभरपैकी गुण आणि ६० ला उत्तीर्ण अशी पद्धत ठेवली, तर शेरा न लिहिता सही करणारा माणूस नीटनेटकेपणा, नम्रता आणि अक्षर यांवर ७५ मिळवून जातो. कामावर त्या एका सहीने नुकसानभरपाईचा दावाच अडचणीत येतो. म्हणून निकषांचे दोन गट करा. पहिल्या गटात चुकले तर बाकी काही भरून काढू शकत नाही असे निकष, आणि ते दोन किंवा तीनच. या स्थानकात दोन पुरतात: सहीच्या आधी चलानावर खराब आणि चुकीच्या नगांचे आकडे लिहिले, आणि साठ्यात फक्त स्वीकारलेला माल चढवला. दुसऱ्या गटात सुमारे दहा साधी पावलं, प्रत्येकाला एक गुण.

निकष डोळ्यांना दिसेल असा लिहा. 'काळजीपूर्वक तपासणी करतो' यावर दोन परीक्षकांचं एकमत होणार नाही. 'प्रत्येक खोकं उचलून किंवा तिरकं करून तळ पाहतो' यावर होईल. बोलण्यासारख्या गोष्टीला हो-नाही पुरत नाही. तिथे तीन पातळ्या करा आणि प्रत्येकीसमोर तिथे ऐकू येणारं वाक्यच लिहा. वरची पातळी: कारण आणि लागणारा वेळ सांगतो, 'दोन खोकी ओली आहेत, शेरा लिहितो, पाच मिनिटं लागतील.' मधली: नुसतं 'थांबा' म्हणतो, पण काम पूर्ण करतो. खालची: दबावाखाली सही करतो किंवा वाद घालत बसतो. 'उत्कृष्ट, चांगले, समाधानकारक' हे शब्द परीक्षकाला काहीच सांगत नाहीत.

साध्या पावलांसाठी उत्तीर्णतेची रेषा ६० किंवा ७० टक्के अशी सवयीने ओढू नका. विल्यम अँगॉफ यांच्या नावाने ओळखली जाणारी, १९७१ पासूनची पद्धत इथे बरी पडते. काम जाणणाऱ्या तिघांना प्रत्येक पावलाबद्दल विचारा: हे काम जेमतेम सांभाळू शकतील अशा दहा जणांपैकी किती जण हे पाऊल बरोबर टाकतील? सात म्हटलं की ०.७. सगळ्या पावलांची बेरीज करा. तिघांच्या बेरजा ६.५, ७ आणि ७.५ आल्या तर दहापैकी ७ ही रेषा. निकालाबद्दल कुणी विचारलं तर तुमच्याकडे सांगण्यासारखा आधार असतो, आणि प्रौढ माणसं तो मागतातच.

परीक्षकांची जुळणी केल्याशिवाय परीक्षा सुरू करू नका. सहा उमेदवारांची चित्रफीत किंवा भरलेले कागद घ्या: दोन चांगले, दोन काठावरचे, दोन कच्चे. प्रत्येक परीक्षकाने एकट्याने गुण द्यायचे, मग समोरासमोर ठेवायचे. चर्चा करून मग गुण दिले तर वरिष्ठाचं मत सगळ्यांचं होतं आणि मतभेद झाकला जातो. 'आमचं ८० टक्के जुळतं' यावरही समाधान मानू नका. दोन्ही परीक्षक दहापैकी नऊ जणांना उत्तीर्ण करत असतील, तर डोळे मिटून निकाल दिला तरी ८२ टक्के जुळणी होते: दोघांचंही 'उत्तीर्ण' येण्याची शक्यता ०.८१, दोघांचंही 'अनुत्तीर्ण' येण्याची ०.०१. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये कॅपा हे माप सुचवलं ते याचसाठी. योगायोगाने होणारी जुळणी ते वजा करतं. उमेदवार थोडे असतील तर कॅपाच्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. तेव्हा मतभेद कोणत्या निकषावर झाला ते पाहा आणि त्या निकषाचं वाक्य दुरुस्त करा. बहुतेक वेळा दोष वाक्यात सापडतो.

एकच मोठं काम की चार लहान?

चार लहान. एल्स्टाइन, शुलमन आणि स्प्राफ्का यांनी १९७८ मध्ये डॉक्टरांच्या निदानपद्धतीचा अभ्यास मांडला. एका रुग्णाच्या बाबतीत उत्तम ठरणारा डॉक्टर दुसऱ्या प्रकारच्या रुग्णातही तसाच ठरेल याची खात्री नसते, हे त्यातून पुढे आलं. म्हणजे एक तासाच्या एका कामावरून माणसाबद्दल जेवढं कळतं, त्यापेक्षा १५ मिनिटांच्या चार वेगळ्या कामांतून जास्त कळतं. रोनाल्ड हार्डन आणि सहकाऱ्यांनी डंडी इथे १९७५ मध्ये मांडलेली स्थानकांची परीक्षा, जिला आज 'ऑस्की' म्हणतात, तीही उमेदवाराला अनेक छोट्या कामांतून फिरवते.

तुमच्या मनुष्यबळाचा हिशोब असा बसेल. १६ शिकणारे, चार स्थानकं, प्रत्येकी १५ मिनिटं आणि बदलायला तीन. चौघांची एक फेरी ७२ मिनिटांची, चार फेऱ्या २८८ मिनिटांच्या, म्हणजे जेवायची सुट्टी धरून एक पूर्ण दिवस. चार परीक्षक नसतील तर दोन स्थानकं कागदाची करा: एकात चलान आणि साठ्याच्या नोंदीतली तफावत शोधून ती कळवणारी चार ओळींची नोंद लिहायची, दुसऱ्यात परत पाठवायच्या मालाचे कागद तयार करायचे. तिथे कुणी उभं राहायची गरज नाही, कागद नंतर तपासता येतात. मग दोन परीक्षक आणि भूमिकेसाठी आलटून पालटून दोन माणसं पुरतात. पहिली फेरी बाहेर आली की बातमी फुटणारच. म्हणून प्रत्येक कामाचे तीन प्रकार तयार ठेवा. सांगाडा तोच, फक्त आकडे आणि दोषाची जागा बदललेली.

प्रत्यक्ष वापराआधी दोन माणसांवर चाचणी घ्या. एक, हे काम रोज चांगलं करणारा. तो चुकला तर सूचना किंवा रचना सदोष आहे, आणि त्याला लागलेल्या वेळेच्या साधारण दीडपट वेळ शिकणाऱ्यांना द्या. दुसरा, हुशार पण हे काम कधीच न केलेला. तो नुसत्या तर्काने उत्तीर्ण झाला तर तुमचं स्थानक कामाऐवजी सामान्य बुद्धी मोजतं आहे. ही दुसरी चाचणी जवळजवळ कुणी घेत नाही, आणि सगळ्यात जास्त तीच शिकवते.

प्रौढ शिकणाऱ्यांच्या बाबतीत वेगळं काय

पहिली गोष्ट वाचनाची. सॅम्युएल मेसिक यांनी १९८९ मध्ये परीक्षेच्या वैधतेला असलेले दोन मोठे धोके सांगितले: जे मोजायचं ते अर्धवटच मोजलं जाणं आणि भलतंच काही त्यात मिसळणं. प्रौढांच्या परीक्षेत हे भलतं म्हणजे बहुतेक वेळा भाषा. कामावर कोड वाचायचा आणि आकडा लिहायचा एवढंच असेल, तर पानभर उतारा वाचायला लावू नका. सूचना तोंडी द्या, अक्षर मोठं ठेवा, उजेड पुरेसा ठेवा. चाळिशीनंतर जवळचं दिसायला त्रास होतो, आणि कोडचा शेवटचा आकडा न दिसणं हा दृष्टीचा दोष की सवयीचा, हे परीक्षेत कळलं पाहिजे. कामावर चष्मा किंवा स्कॅनर असेल तर इथेही हवा.

दुसरी प्रतिष्ठेची. वीस वर्षं काम केलेल्या माणसाला कालच्या पोरांसमोर चुकताना दाखवू नका. निकाल एकेकट्याला सांगा. 'आमच्याकडे असं करत नाहीत' असं कुणी म्हणालं तर लगेच चूक धरू नका. ती पद्धत तेवढीच सुरक्षित असेल आणि कागदावर तोच परिणाम देत असेल, तर निकषपत्रिकेत ती घाला. अनुभवाच्या बळावर सूट मागणाऱ्याकडून पुरावा घ्या आणि तो चार कसोट्यांवर पाहा. ऑस्ट्रेलियातल्या व्यवसायशिक्षणात त्या वापरतात: पुरावा त्या कामाचाच आहे का, पुरेसा आहे का, त्याचा स्वतःचा आहे का, आणि अलीकडचा आहे का. सात वर्षांपूर्वीचं प्रमाणपत्र चौथ्या कसोटीवर अडकतं. गेल्या महिन्यातले तीन भरलेले कागद चारही कसोट्यांवर टिकू शकतात.

घरून लिहून आणायचं काम दिलंत तर त्याला आठ मिनिटांची तोंडी जोड द्या. आता कुणीही यंत्राकडून नीटस अहवाल लिहवून घेऊ शकतं, आणि मजकूर वाचून ते ओळखण्याच्या भानगडीत पडू नये. त्यात प्रामाणिक माणसावर आळ येतो. त्याच्याच कागदावर बोट ठेवून विचारा: हा आकडा कुठून आला? ही खोकी कुठे ठेवलीत आणि का? गाडी रात्री आली असती तर यातलं काय बदललं असतं? ज्याने काम केलं आहे तो अडखळत का होईना, तपशील सांगतो. 'या प्रशिक्षणातून मी काय शिकलो' असे आत्मचिंतनाचे निबंध मी बंद करायला सांगेन. त्यांत कौतुकाशिवाय सहसा काही हाती लागत नाही.

अभिप्राय त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी द्या आणि तो कामाबद्दलच असू द्या. क्लुगर आणि डेनिसी यांनी १९९६ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी अभिप्रायानंतर कामगिरी घसरलेली दिसली. लक्ष कामावरून माणसाच्या स्वतःकडे वळलं की असं होतं, हे त्यांचं स्पष्टीकरण. 'तुम्ही निष्काळजी आहात' याने काही सुधारत नाही. 'तुमचा आकडा २२८ आला, म्हणजे कोड पाहिलात, तळ पाहिला नाहीत' एवढं पुरतं. मग वेगळ्या आकड्यांसह तेच स्थानक पुन्हा द्या. पुन्हा संधी नसेल तर अभिप्राय वाचलाही जात नाही.

बहुपर्यायी प्रश्न पूर्ण टाकून देऊ नका. चिन्हं, कोडची रचना, साठवणुकीची तापमानं, धोकादायक मालाच्या खुणा हे ओळखीचं ज्ञान आहे. त्यासाठी १५-२० प्रश्न आणि २० मिनिटं ठीक. ते स्थानकांच्या आधी घ्या.

चौथी पायरी कामावर परतल्यानंतर चार ते सहा आठवड्यांनी तपासा. शिकणाऱ्याने स्वतः भरलेले तीन खरे कागद मागवा, त्यांतली नावं आणि किमती झाकून. पर्यवेक्षकाला पाच ओळींची यादी द्या, तीन रकान्यांची: पाहिलं आणि बरोबर होतं, पाहिलं आणि चुकलं, पाहायला मिळालं नाही. तिसरा रकाना नसेल तर पर्यवेक्षक न पाहिलेल्या गोष्टीवरही बरोबरची खूण करतो. 'तो कसा काम करतो?' असं मत विचारू नका. माणूस आवडता असला की सगळ्याच रकान्यांत खुणा चांगल्या येतात.

मग दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचा. एका पावलावर वर्गातले निम्म्याहून जास्त चुकले असतील तर त्या पावलाचं शिकवणं तपासा. स्थानकावर चोख आणि कामावर चुकलेले बरेच जण दिसले, तर कारण गोदामात शोधा: गाड्या एकाच वेळी येतात का, शेरा लिहिणाऱ्याला पर्यवेक्षकच घाई करतो का, खराब माल वेगळा ठेवायला जागा आखलेली आहे का. ती जागा नसेल तर ओली खोकी चांगल्या मालाच्या रांगेतच जाणार, प्रशिक्षण कितीही वेळा दिलं तरी. अशा वेळी निकालाचा कागद प्रशिक्षण विभागाने स्वतःकडे न ठेवता थेट गोदामप्रमुखाकडे पाठवावा, चुकलेल्या पावलाच्या नावासह.